खिडकीकडचा कान

गाडीच्या पुढच्या सीटवर माणूस पाठीमागे तोंड करून गुडघ्यांवर बसलेला दिसला, तर एक तर त्याचं काहीतरी हरवलेलं असतं किंवा मागच्या सीटवरचं पोर ऐकत नसतं. कानसेनच्या कार-स्टिरिओच्या दुकानासमोर मात्र असं बसणं ही तपासणीची पद्धत होती. गॅरेजच्या त्या गल्लीत तिला उलटी बैठक म्हणत.

तिच्यामागचा हिशेब साधा आहे. गाडीतला स्टिरिओ नीट लावलेला असेल, तर गाणारीचा आवाज दारांतल्या स्पीकरमधून आल्यासारखा वाटत नाही. ती समोर, डॅशबोर्डच्या मध्यावर बसून गाते आहे असं वाटतं. "गाणारी कुठे आहे?" हा कानसेनचा प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिला आणि शेवटचा प्रश्न. कोणी म्हणालं, की ती एका बाजूला आहे, तर तो म्हणायचा, "चप्पल काढा, उलटे बसा, आता सांगा." उलटं बसल्यावरही गाणारी गाडीच्या त्याच बाजूला राहिली, तर दोष गाडीचा. तिनं जागा बदलली, तर दोष ऐकणाऱ्याच्या कानाचा. दोन कान सारखे असतील तर तोंड कुठेही करा, तिची जागा हलत नाही.

या पद्धतीनं त्यानं बऱ्याच लोकांना त्यांच्या कानाची बातमी दिली होती. एक निवृत्त बँक अधिकारी तावातावानं भांडायला आले होते. उलटे बसले, गप्प झाले, डॉक्टरकडे जाऊन कान साफ करून आले आणि येताना फळांची पिशवी घेऊन आले. कानसेन हे नावही अशाच कुठल्याशा प्रसंगातून पडलं. कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही. घरचे सोडले तर सगळे त्याला त्याच नावानं हाक मारतात.

माणूस साठीला आलेला. बांधा किरकोळ, कारण डॅशबोर्डखाली उताणं झोपून काम करणाऱ्याला पोट परवडत नाही. हातांवर प्लॅस्टिकच्या कडांनी कापल्याचे पांढरे ओरखडे. सुरुवात रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाली. पुढे गाडीतले टेप आले, टेप गेले, डिस्क आल्या, त्याही गेल्या. त्या काळात काम सरळ होतं. कंपनीचा स्टिरिओ आवडला नाही तर उपटायचा आणि दुसरा बसवायचा. आता गाडीत पडदा असतो आणि सगळी गाडी त्या पडद्यातून चालते. तो काढला तर एसी जातो, मागचा कॅमेरा जातो आणि दार उघडं असल्याची टिंगटिंगही जाते. कंपनीनं दिलेलं काढता येत नाही, ठेवून चांगलं करावं लागतं. त्यासाठी मधे एक डबी बसवतात, तिला प्रोसेसर म्हणतात.

दुकान दोघांचं. मागची बाजू, म्हणजे गाडीचा खड्डा, हत्यारं, वायरी, ही कानसेनची. पुढची बाजू, म्हणजे काउंटर, फोन, बडबड, ही त्याच्या मेव्हण्याची. मेव्हणा बायकोचा धाकटा भाऊ. त्याच्या पोटात काही राहत नाही अशी त्याची ख्याती. गल्लीत कोणाच्या घरी काय शिजलं ते त्याच्याकडून कळतं.

त्या दिवशी विमावाल्या मॅडम आल्या तेव्हा कानसेन एका गाडीखालून नुकताच निघाला होता आणि पाठ सरळ होण्याची वाट बघत उभा होता. मॅडम विमा कंपनीसाठी नुकसानीची पाहणी करतात. जळालेली गोदामं, ठोकलेले ट्रक, पाणी शिरलेली दुकानं. दिवसभर गाडीत. गाडी नवी होती.

"गाडी छान आहे हो," त्या म्हणाल्या, "पण आवाज असा येतो, की कोणाला तरी पत्र्याच्या पेटीत कोंडलंय. आणि मोठा केला की नुसता किंचाळतो. खालचा जाड आवाज जातो कुठे?"

"कंपनी कापते," कानसेन म्हणाला.

"का?"

"स्पीकर स्वस्तातले असतात. मोठ्या आवाजात बास दिला तर फाटतील. म्हणून तुम्ही आवाज वाढवला की कंपनी गुपचूप बास काढून घेते. वर प्रत्येक स्पीकरला गाण्याचा एकेक तुकडा. वरच्या छोट्या ट्विटरला बारीक आवाज, दारातल्याला जाड. प्रोसेसर ते तुकडे परत जोडतो, गाणं अख्खं करतो आणि मग आपल्या मनासारखं वाटून देतो. तुमच्या जवळचं दार आहे ना, त्याचा आवाज तुमच्यापर्यंत आधी पोचतो. त्याला जरा थांबवून धरायचं. म्हणजे दोन्हीकडचं एकदम पोचतं."

"हे झालं की पेटी उघडेल?"

"उघडेल."

मेव्हण्यानं एव्हाना काउंटरवर दोन डब्यांची बंद खोकी मांडली होती. दोन्ही काळी, दोन्ही पाठ्यपुस्तकाएवढी.

"मॅडम, ही बघा. ही स्वतः ऐकते. माइक सीटवर ठेवायचा, बटण दाबायचं, खुर्चीत बसून चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत गाडी लागलेली."

"आणि ही?"

"हिला भाऊजींचा कान लागतो. वेळही जास्त लागतो. आणि भाऊजींचा मूड."

मॅडमनी कानसेनकडे पाहिलं. "तुम्ही कुठली घ्याल?"

"माइकला गाणं कळत नाही," तो म्हणाला.

हे वाक्य तो बरीच वर्षं म्हणत आला होता आणि कधीकाळी ते खरंही होतं. पहिले माइक भुक्कड होते. पण ही नवी डबी दुकानात येऊन बरेच महिने झाले होते आणि त्यानं तिच्या खोक्याची पट्टीही फोडली नव्हती. त्यामागचं कारण त्याला माहीत होतं आणि तो त्याचा विचार करत नव्हता. फोन तो आता दुसऱ्या कानाला लावत असे. गाडीचा इंडिकेटर चालू राहिलेला त्याला मागच्याच्या हॉर्नवरून कळे. दमलोय, असं तो स्वतःला सांगे. दमलेला तर तो होताच. पण कान गेला तर दुकानात त्याचं काय उरतं, हा प्रश्न त्या खोक्यात होता. वायरी कोणीही जोडतं. गिऱ्हाईक येत होतं ते कानासाठी.

मॅडमनी कानाची डबी निवडली.

काम नीट झालं. दारांचे आतले पत्रे काढले, कंपनीच्या वायरी कुठून कुठे जातात ते शोधलं, दाराची टिंगटिंग एकाच स्पीकरमधून येते तो स्पीकर ध्यानात ठेवला, नाहीतर दार उघडलं की देवळातली घंटा वाजवल्यासारखं होतं. डबी सीटखाली बसवली. मग काचा वर करून, लॅपटॉप मांडीवर घेऊन तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि त्याचं नेहमीचं गाणं लावलं. एकटी बाई गाते, मागे वाद्य नाही. या बाजूचा ट्विटर थोडा वर, त्या बाजूचा थोडा खाली. गाणारी हळूहळू सरकत आली आणि डॅशबोर्डच्या बरोबर मधे बसली. त्यानं डोळे मिटून खात्री केली. लॅपटॉप बंद केला.

आठवड्यानं मॅडम परत आल्या.

"आवाज सुरेख झालाय, वाद नाही," त्या म्हणाल्या. "पण ती बाई माझ्या काचेला चिकटलीय. सिग्नलला काच खाली केली तर बाहेर पडेल बिचारी."

कानसेन सीटवर बसला. गाणारी मधोमध होती.

"तुम्ही सीट पुढे घेऊन बसता का?"

"नाही."

"मान कलती करून?"

"अहो, मी गाडी चालवते, फोटो नाही काढून घेत."

मेव्हणा काउंटरमागे हसला. कानसेननं एक-दोन आकडे थोडे बदलले, पुन्हा ऐकलं, पुन्हा मधोमध केलं. मॅडम गेल्या आणि चार दिवसांत परत आल्या. गाणारी काचेलाच होती.

मग त्यानं मॅडमनाही तेच करायला सांगितलं जे तो सगळ्यांना करायला लावत असे. "मॅडम, चप्पल काढा. उलट्या बसा."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. जळक्या गोदामात शिडी लावून चढणाऱ्या बाई. सीटवर गुडघे टेकले, पाठीमागच्या काचेकडे तोंड केलं. गल्लीतले दोघे-तिघे थांबून बघू लागले.

"गाणारी कुठे आहे?"

"तिथेच. माझ्या दाराकडे."

"नीट ऐका."

"नीटच ऐकतेय. हलली नाही."

म्हणजे दोष गाडीचा. मॅडमचे दोन्ही कान सारखे होते. कानसेननं दोन्हीकडचे ट्विटर काढले आणि एकमेकांच्या जागी लावले. ट्विटर बिघडलेला असता तर दोष त्याच्याबरोबर पलीकडे गेला असता. गेला नाही. वायरी तपासल्या. ठीक होत्या. आता तपासायचं एकच उरलं होतं आणि ते मॅडमनी बोलून दाखवलं.

"आता तुम्ही बसा उलटे."

"मी?"

"आमच्यात पाहणी दोन्ही पार्ट्यांसमोर होते. एकट्याचं म्हणणं आम्ही धरत नाही."

"गुडघा दुखतोय," कानसेन म्हणाला. तो खरंच दुखत होता. "गाडी ठेवून जा. उद्या बघतो."

मॅडम रिक्षानं गेल्या. मेव्हणा जेवायला गेला. कानसेननं डबा उघडला, अर्धा खाल्ला, झाकण लावलं. मग गाडीत बसला, काचा वर केल्या, गाणं लावलं. गाणारी मधे होती. चपला काढून तो वळला आणि गुडघ्यांवर बसला.

गाणारी उडाली आणि खिडकीला जाऊन आदळली.

तो पुन्हा पुढे तोंड करून बसला. ती मधे आली. पुन्हा उलटा बसला. ती खिडकीला. सगळा प्रकार त्याच्याइतका चांगला कोणाला कळण्यासारखा नव्हता. खिडकीकडच्या कानाला बारीक आवाज येत नव्हता. म्हणून त्या बाजूचा ट्विटर तो स्वतःला बरोबर वाटेपर्यंत चढवत होता. स्वतःपुरती त्यानं गाडी अचूक लावली होती. बाकी जगाला ती वाकडी होती. आणि ही काही पहिली गाडी नव्हती.

गाणं संपेपर्यंत तो उलटाच बसून राहिला. समोर मागची सीट होती आणि तिच्यावर मॅडमचं हेल्मेट आणि रबरी बूट.

"भाऊजी?" मेव्हणा जेवून आला होता. काचेवर टकटक करत होता. "काय शोधताय?"

"काही नाही."

मेव्हण्यानं पुढे काही विचारलं नाही. हे त्याच्या स्वभावाविरुद्ध होतं, पण तेव्हा कानसेनच्या ते लक्षात आलं नाही.

त्याची बायको दवाखान्यात टेलिफोनवर बसते. दिवसभर लोकांना डॉक्टर आहेत, नाहीत, येतील असं सांगून ती घरी येते तेव्हा तिला बोलायचा कंटाळा आलेला असतो. त्या संध्याकाळी तिनं कणीक मळत विचारलं, "आज लवकर?"

"पाठ धरलीय."

"बरं."

जेवताना त्यानं सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. मॅडमची गाडी, उलटी बैठक, खिडकीकडचा कान.

बायकोनं ताट थोडं बाजूला केलं. "मी पूर्वी कुठल्या खुर्चीवर बसायचे?"

"याच."

"नाही. त्या." तिनं समोरच्या बाजूची खुर्ची दाखवली. "तिथून बोललेलं तुम्हाला अर्धं कळायचं. आधी वाटलं, तुम्हाला ऐकायचंच नाहीये. वर्षभर त्यावरून मनात भांडले तुमच्याशी. मग एकदा कुकरची शिट्टी झाली आणि तुम्ही मान भलतीकडे वळवलीत. दुसऱ्या दिवसापासून इकडे बसायला लागले."

"बोलली का नाहीस?"

"काय बोलू? लोक तुम्हाला काय नावानं हाक मारतात?"

त्यानं ताटातली भाजी संपवली. मग म्हणाला, "तुझ्या भावाच्या कानावर जाऊ देऊ नकोस. गल्लीभर होईल."

"त्याला तर मीच सांगितलं."

"कधी?"

"तो ती माइकवाली डबी घेऊन आला ना, त्याच्या आधी. नाहीतर काय म्हणून घेऊन आला? मी म्हटलं, त्यांना सांगू नकोस, त्यांच्यासमोर नुसती ठेव. आज ना उद्या उघडतील."

मेव्हण्याच्या पोटात काही राहत नाही, अशी सगळी गल्ली ओरड करत होती. हे मात्र राहिलं होतं. आणि त्यासाठी तो दर गिऱ्हाइकापुढे ती डबी नाचवत होता, भाऊजींच्या शिव्या खात.

कानाची तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. गादीच्या भिंतींची लहानशी खोली, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. तपासणारी मुलगी काचेपलीकडे बसली होती. कानसेननं आयुष्यभर हेच आवाज गाड्यांना ऐकवले होते. प्रत्येक आवाज तो ओळखीनं ऐकत होता आणि एका टप्प्यानंतर खिडकीकडच्या कानात नुसती शांतता होती. बटणावरचं बोट तसंच राहिलं.

बाहेर आल्यावर मुलीनं आलेख समोर ठेवला. "आता हे बघा काका, ही जी रेघ आहे ना..."

"ट्विटर गेलाय," कानसेन म्हणाला.

"काय?"

"जाड आवाज ठीक आहे. बारीक उतरलाय. गेलेल्या ट्विटरची रेघ अशीच असते. दुरुस्त होतो का?"

"नाही काका. हा परत येत नाही. वय आहे, आणि कामही आवाजाचंच दिसतंय. कानात मशीन लावता येईल. बोलणं पुष्कळ सुधारेल."

"आणि गाणं?"

मुलगी प्रामाणिक होती. "गाण्याचं मी खात्रीनं नाही सांगणार."

मशीनचे दोन प्रकार तिनं दाखवले. एक स्वतःच आजूबाजूचा आवाज ओळखून बदलतं. दुसरं तिथली मुलं बसून, माणसाला विचारून विचारून लावून देतात. कानसेननं दोन्ही हातात घेऊन पाहिली आणि परत ठेवली. विचार करून सांगतो म्हणाला. गिऱ्हाइकं त्याला हेच सांगून जात.

दुकानात आल्यावर त्यानं माइकवाल्या खोक्याची पट्टी फोडली. मेव्हणा फोनवर होता. त्यानं ते पाहिलं, पाठ फिरवली आणि फोनवरचा आवाज उगाच चढवला.

मॅडम आल्या तेव्हा नवी डबी सीटखाली बसलेली होती आणि माइक ड्रायव्हरच्या सीटच्या उशीपाशी एका काठीला बांधलेला होता.

"मॅडम, तुमचं बरोबर होतं," कानसेन म्हणाला. "वायरीत दोष नव्हता, मी लावलं तेच वाकडं होतं. माझा एक कान गेलाय. ही डबी आमच्यातर्फे. वरचे पैसे नाहीत."

असं कोणी आपण होऊन सांगत नाही, हे मॅडमना त्यांच्या धंद्यामुळे चांगलं माहीत होतं.

"आमच्याकडे याला झीज म्हणतात," त्या म्हणाल्या. "वापरानं होणारी झीज."

"भरपाई?"

"झिजेला नसते."

"वाटलंच."

बटण दाबलं. गाडीत खरखर सुरू झाली, या दारातून, मग त्या दारातून, मग वरून. तिघे बाहेर उभे राहिले. मेव्हण्यानं सांगितल्याप्रमाणे चहा आला. लॅपटॉपवरच्या रेघा एकमेकींवर येऊन बसल्या. कानसेनला त्या रेघांत चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं. सापडली नाही. बास थोडा कोरडा होता, एवढंच. पण तेही आता त्यानं कोणाच्या भरवशावर म्हणायचं?

मग माइक काढून त्यानं मॅडमना सीटवर बसवलं, स्वतः दाराशी लॅपटॉप घेऊन उभा राहिला. इतकी वर्षं काम संपेपर्यंत गिऱ्हाइकानं गाडीत बसायचं नाही, असा त्याचा नियम होता.

"गाणारी कुठे आहे?"

"मधे. पण जरा लांब गेलीय. काचेच्या पलीकडे, बॉनेटवर बसल्यासारखी."

त्यानं एक आकडा बदलला. "आता?"

"आली थोडी. अजून. अजून... बस. थोडी मागे. हां. इथे बसू दे तिला."

मॅडम गेल्या. कानसेन हात पुसत काउंटरपाशी आला. त्याच्या डोक्यात आता एकच गोष्ट होती. गेल्या दीड-दोन वर्षांत लावलेल्या गाड्या.

"फोन करायचे," तो म्हणाला.

"कोणाला?" मेव्हण्याला कळलं होतं, तरी त्यानं विचारलं.

"सगळ्यांना. गाड्या घेऊन या म्हणावं."

"आणि सांगायचं काय? आमच्या माणसाचा कान गेला होता? भाऊजी, झाकली मूठ सव्वा लाखाची. एकानं तरी तक्रार केली का?"

"एकीनं केली."

"ती पाहणीवाली आहे. तिचा धंदाच आहे दोष काढायचा. बाकीचे खूश आहेत."

"बाकीचे खूश नाहीत. बाकीच्यांना वाटतंय, कानसेननं लावलंय म्हणजे बरोबरच असणार."

मेव्हण्यानं डोकं खाजवलं. शेवटी तोड निघाली. प्रोसेसरची फुकट तपासणी, असं सांगायचं. कानाचा विषय फोनवर काढायचा नाही, गाडी घेऊन आलेल्याला मात्र समोरासमोर खरं सांगायचं. कानसेनला ते अर्धवट वाटलं. पण वाद घालायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

बरेच जण आलेच नाहीत. कोणी गाडी विकली होती, कोणी आता वेळ नाही म्हणालं, कोणी फुकट या शब्दानं सावध झालं. जे आले त्यातल्या एका मास्तरांनी खरं ऐकल्यावर कपाळाला हात लावला. गाणारी खिडकीला ऐकू येते म्हणून ते स्वतः कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. डॉक्टरनं कान उत्तम आहेत म्हणून परत पाठवलं, तर डॉक्टर बदलून दुसऱ्याकडे गेले होते.

"तुम्हाला फोन करायचं मनात नाही आलं?" मेव्हण्यानं विचारलं.

"यांच्यावर शंका घ्यायची?" मास्तर म्हणाले आणि कानसेनकडे बघायचं टाळून गाडीची किल्ली शोधू लागले.

असे एकेक येत राहिले. माइक काठीला बांधायचा, बटण दाबायचं, मग गिऱ्हाइकाला बसवून विचारायचं. काम सोपं झालं होतं आणि कानसेनला पूर्वीपेक्षा जास्त थकवा येत होता. कानातलं मशीन त्यानं घेतलं, विचारून विचारून लावतात ते. लावणाऱ्या मुलानं त्याला किती वेळा तरी विचारलं, "आता कसं वाटतंय काका?" आणि त्यानं प्रत्येक वेळी अगदी नेमकं उत्तर दिलं. मुलगा म्हणाला, इतकं चोख सांगणारं गिऱ्हाईक आजवर आलं नव्हतं. दुकानात काम करताना मात्र तो मशीन काढून खिशात ठेवी, कारण पत्र्यावर पाना पडला की डोक्यात कळ जाई.

शेवटी आला तो टॅक्सीवाला. हा जुना, कानसेनच्याच वयाचा. सकाळपासून रात्रीपर्यंत टॅक्सी चालवायची, खिडकी उघडी टाकून, कारण एसीनं त्याचे सांधे धरतात. मेव्हण्यानं त्याला तपासणीचं सांगितलं तर तो गाडीच्या दारात आडवा उभा राहिला.

"हात लावायचा नाही. आयुष्यात इतकी चांगली गाडी वाजली नव्हती."

"अहो, पण त्यात चूक राहिलीय," कानसेन म्हणाला.

"कसली चूक? बाई अशी समोर येऊन बसते, की प्रवासी पुढे बसवायची लाज वाटते."

"समोर? मधे?"

"बरोबर मधे."

कानसेननं सीटकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "चप्पल काढा. उलटे बसा."

टॅक्सीवाला कुरकुरत चढला. गुडघे टेकले, सीटची पाठ धरली. कानसेननं गाणं लावलं.

"आयला! ही कुठे पळाली?"

"खिडकीकडे."

"हो. का पण?"

"तुमचा खिडकीकडचा कान गेलाय. वाऱ्यानं आणि हॉर्ननं. दाखवून घ्या."

टॅक्सीवाला वळून सरळ बसला. त्याला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. "आणि मग तुम्ही ही माझ्या कानाबरहुकूम कशी काय लावलीत? तपासला तर नव्हता."

"माझाही तोच कान गेलाय."

टॅक्सीवाल्यानं ते नीट समजून घेतलं, मग इतक्या मोठ्यानं हसला, की काउंटरवरून मेव्हणा डोकावला. "म्हणजे आंधळ्यानं आंधळ्याला रस्ता दाखवला आणि दोघं घरी पोचले!"

"पोचले तुम्ही. बाकीचे सगळे भरकटले."

"मग आता? बदलणार हे?"

नियमानं बदलायला हवं होतं. मागे बसणाऱ्या प्रवाशाला आवाज वाकडाच येत असणार. पण मागे बसणारा दहा मिनिटांत उतरून जातो आणि दिवस पुढच्या सीटवरच्या माणसाला काढायचा असतो.

"नाही," कानसेन म्हणाला. "तुमचं राहू दे. पण कान दाखवा. मशीन लावलंत तर मात्र परत या, मग हे चालणार नाही."

"मशीन कसं असतं?"

"कंपनीचं काढता येत नाही, मधे डबी टाकायची. तसलंच." त्यानं खिशातून काढून दाखवलं.

टॅक्सीवाल्यानं ते तळहातावर घेऊन पाहिलं आणि परत दिलं. "चहा घेऊन येतो. मग निघतो. सकाळपासून बसून बसून कंबर गेलीय." तो कोपऱ्यावरच्या टपरीकडे गेला.

गाडी खड्ड्याशी उभी होती, दार उघडं. गाणं चालूच होतं. कानसेन ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि दार ओढून घेतलं. गल्लीचा आवाज बाहेर राहिला. मशीन त्यानं पुन्हा खिशात ठेवलं.

गाणारी डॅशबोर्डच्या मध्यावर होती. त्यानं बसवली होती तिथेच.

मेव्हणा काउंटरवरून काहीतरी ओरडला. दुसरं गिऱ्हाईक आलं असावं. कानसेननं टॅक्सीवाला येईपर्यंत दार उघडलं नाही.